राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, तर आपल्या दारात किती? गावाचा पूर-आराखडा असा करा

जुलै उजाडला की कोल्हापूर-सांगलीकडच्या फोनांवर एकच आकडा फिरायला लागतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा ३५ फूट ४ इंच. दोन तासांनी ३५ फूट ९ इंच. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला हेच आकडे ४० आणि ४५. पण ४३ फूट म्हणजे आपल्या गल्लीत नेमकं कुठपर्यंत, असं विचारलं की उत्तर येतं, "२००५ ला मारुतीच्या पायरीला लागलं होतं, त्याच्या वर काय येत नाही."

ऑगस्ट २०१९ मध्ये ते वर आलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, आयर्विनला ५७ च्या पुढे. २००५ च्या खुणेवर भिस्त ठेवून सामान माळ्यावर चढवून बसलेली कितीतरी कुटुंबं घरातच अडकली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम ५६ च्या वर गेला. तो पूर उंचीने २०१९ च्या जवळचाच होता, पण स्वभाव वेगळा. २०१९ चं पाणी हळूहळू फुगत आलं आणि दिवसेंदिवस हललं नाही. २०२१ चं पाणी दोन दिवसांत धावत आलं. जुलै २०२४ मध्येही धोका पातळी ओलांडली गेलीच. त्यामुळे "मागच्या वेळी एवढं आलं होतं" हे वाक्य आराखड्यात चालत नाही. उंचीच्या बाबतीत नाही आणि वेळेच्या बाबतीत तर नाहीच.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असतं, जिल्ह्याचा आराखडा असतो, गावाचाही बहुधा ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो. तो एकदा काढून बघा. बहुतेक वेळा ती फोन नंबरांची यादी निघते आणि त्यातले निम्मे लोक बदलून गेलेले असतात. फोन नंबर लागतातच, पण तो आराखडा नव्हे. आराखडा म्हणजे पाण्याचा आकडा आणि आपली कृती यांची आधीच ठरवून लिहून ठेवलेली जोडी. जागतिक हवामान संघटनेने २०१५ साली सगळ्या देशांच्या हवामान खात्यांना हेच सुचवलं: किती पाऊस पडेल एवढ्यावर थांबू नका, त्या पावसाने काय होईल ते सांगा. हवामान खातं आपल्या गल्लीपर्यंत येऊन ते सांगू शकत नाही. ते काम गावाचं, आणि ते एप्रिल-मेमध्ये, नदीच्या पात्रात वाळू दिसत असताना करायचं.

पहिलं काम: खुणा गोळा करा

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा गावात अजून सापडतात. शाळेची भिंत, देवळाचा खांब, डेअरीची इमारत, कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली गाळाची रेघ. एक सल्ला देतो: पुरुषांना विचारून थांबू नका. पूर ओसरल्यावर घर ज्यांनी धुतलं त्या बायकांना रेघ इंचाच्या हिशेबाने ठाऊक असते. "फ्रिजचं वरचं दार सुकं होतं" ही साक्ष "कमरेएवढं होतं" यापेक्षा कितीतरी पक्की. प्रत्येक खुणेला ऑइलपेंटचा पट्टा मारा आणि शेजारी साल लिहा.

आता या खुणा एकमेकींशी जोडायच्या. त्यासाठी गावात एक कायमची शून्य खूण ठरवा. ग्रामपंचायतीची खालची पायरी चालेल, फक्त पुढच्या दुरुस्तीत कुणी ती फोडता कामा नये. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पंधरा-वीस मीटरची. तिच्यात पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्या, म्हणजे मध्ये हवेचे बुडबुडे राहत नाहीत. बुडबुडा राहिला की माप चुकलंच म्हणून समजा. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं तर रेषा स्वच्छ दिसते. एकाने शून्य खुणेपाशी एक टोक धरायचं, दुसऱ्याने पुढच्या भिंतीपाशी. अंगठे काढले की पाणी वरखाली होऊन स्थिर होतं. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीत असतं, त्यामुळे इकडे पाणी शून्य खुणेला आणून ठेवलं की तिकडच्या भिंतीवर तीच पातळी मिळते. तिथे खडूने रेघ मारा, तिथून पुढच्या भिंतीवर जा. अशा उड्या मारत गल्ली संपली की वेगळ्या वाटेने परत शून्य खुणेपाशी या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेघेत इंचापेक्षा जास्त फरक पडला तर सगळं पुन्हा. गाव मोठं असेल किंवा वस्त्या लांब असतील तर जवळच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला पत्र द्या. तिथल्या मुलांना सर्वेक्षणाचा सराव करायचाच असतो आणि ऑटो लेव्हलने हे काम झटक्यात होतं.

या मोजणीतून प्रत्येक घराच्या उंबऱ्याची शून्य खुणेपासूनची उंची मिळते. वही करा: घर, उंबरा किती फूट, गोठा किती फूट. गोठा घरापेक्षा खाली असतो, तो वेगळा मोजायला विसरू नका.

दुसरं काम: आपली पट्टी आणि त्यांची पट्टी

पुराच्या पाण्याला उतार असतो. राजारामवर एक फूट वाढलं म्हणून आपल्याकडे एक फूटच वाढेल असं नाही. वळण, पूल, भराव, ओढ्यात शिरलेला फुगवटा यांनी फरक पडतो. म्हणून नदीकाठी, पाणी लवकर पोहोचेल पण वाहून नेणार नाही अशा पक्क्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर आपली स्वतःची पट्टी रंगवा, अर्ध्या अर्ध्या फुटाची. तिचा शून्यही त्याच शून्य खुणेशी जोडा.

मग कोणत्या सरकारी मापाकडे बघायचं? प्रयाग चिखली, आंबेवाडी या बाजूच्या गावांना राजाराम बंधारा जवळचा. शिरोळ तालुक्याचं तसं नाही. तिथे पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आधीच कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा घेऊन आलेली असते. त्या गावांनी राजारामबरोबर आयर्विन, अर्जुनवाड, कुरुंदवाड आणि राजापूर बंधारा हेही आकडे टिपायला हवेत. नृसिंहवाडीकरांना याची सवय जुनी आहे. पाणी दत्तमंदिरात उत्तरेच्या दाराने शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक स्नानाला धावतात. तो सोहळा आहे तशी ती एक मोजपट्टीही आहे. त्या घडीला आपल्या गावात पाणी कुठे होतं, हे वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे?

वहीत चार रकाने पुरतात: तारीख-वेळ, सरकारी पट्टी, आपली पट्टी, शेरा. पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ आणि पाणी पात्राबाहेर पडलं की दर तासाला. एक-दोन हंगामांत दिसायला लागतं की राजारामवर ४१ असताना आपल्याकडे किती असतं आणि ते किती तासांनी. जुन्या तीन पुरांचे शिखराचे आकडे आणि आपल्या भिंतीवरच्या खुणा मिळून तीन बिंदू तर आजच हातात आहेत.

तिसरं काम: शेवटचा रस्ता शोधा

सगळ्या आराखड्याचा जीव इथे आहे. आपल्या भागात घर बुडण्याआधी गाव बेट होतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून जाणारे रस्ते आधी जातात, मग सखल पूल, मग ओढ्यावरची मोरी. महामार्गसुद्धा सुटत नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. म्हणून प्रत्येक बाहेर जाणाऱ्या रस्त्याचा सगळ्यात खालचा बिंदू शोधा, त्याची उंची घ्या आणि रस्ते ज्या क्रमाने बंद होतात त्या क्रमाने लिहा. यादीत सगळ्यात खाली जो उरतो तो शेवटचा रस्ता. उंबऱ्याला पाणी लागणं हा निर्णयाचा क्षण नव्हे. शेवटचा रस्ता बंद होण्याच्या किती आधी निघायचं, हा खरा प्रश्न.

त्याचं गणित सोपं आहे. समजा तुमचा शेवटचा रस्ता आपल्या पट्टीवर १७ फुटांना बंद होतो. जनावरांसह सगळी सखल वस्ती हलवायला ८ तास लागतात. पाणी तासाला ३ इंच चढतंय. ८ तासांत २४ इंच, म्हणजे २ फूट. तर हलवायला सुरुवात १५ फुटांना. पाणी तासाला ६ इंच चढत असेल तर ४ फूट आधी, म्हणजे १३ ला. कोणता वेग धरायचा? माझं मत विचाराल तर २०२१ चा. शांत पुराच्या हिशेबाने केलेला आराखडा धावत्या पुरात पहिल्याच रात्री मोडतो. आणि रात्रीचा वेगळा नियम लिहा: हिशेबाने तो आकडा रात्री गाठला जाणार असेल तर उजेड असतानाच निघायचं.

यावर गावात हमखास कुरबुर होते. "उगाच हलवलं, पाणी आलंच नाही." ती कुरबुर रास्त आहे, कारण एक दिवस घर सोडणं म्हणजे दूध, मजुरी, चोरीची धास्ती सगळं आलं. तोड म्हणजे टप्पे पाडायचे. पहिल्या आकड्याला फक्त जनावरं, अंथरुणाला खिळलेली माणसं, डायलिसिसवाले, दिवस भरत आलेल्या बायका. दुसऱ्याला सगळ्यात सखल घरं. तिसऱ्याला उरलेले. घरांची यादी गल्लीप्रमाणे न करता उंबऱ्याच्या उंचीप्रमाणे करा. एकाच गल्लीत चार फुटांचा फरक असतो आणि गल्लीला एकच हुकूम दिला की वरचे हसतात आणि खालचे अडकतात. कोणाला उचलून न्यावं लागेल ही माहिती आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या वहीत तयार असते.

जनावरं आधी का, तर म्हैस दाव्याला असताना माणूस घर सोडत नाही. बोटी आल्या तरी न निघालेल्या अनेकांचं कारण गोठ्यात होतं. म्हणून माळावरची जागा मे महिन्यातच ठरवा: साखर कारखान्याचं आवार, बाजार समिती, सभागृह, जे असेल ते, पण लेखी होकार घेऊन. वैरण कोण आणणार, पाणी कुठून, दूध संकलनाची गाडी तिथे येईल का, हे डेअरीशी बोलून घ्या. दूध तिथूनच उचललं जातंय म्हटल्यावर निम्मी अडचण मिटते. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाआधी, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची यादी वहीत. अगदीच वेळ आली तर दावी सोडून द्यायची, बांधून जायचं नाही.

बोटीबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. बोट हा शेवटचा उपाय. बोटीच्या अंगावर माणसांची संख्या रंगवलेली हवी, तेवढी लाइफ जॅकेट हवीत आणि वीस जणांच्या बोटीत एकविसाव्या माणसाला "पुढच्या फेरीला" म्हणण्याचा अधिकार कोणाला, त्याचं नाव आराखड्यात हवं. गर्दीत तो अधिकार आपोआप कुणालाच राहत नाही.

चौथं काम: वीज, पाणी, टॉवर

जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर शहराभोवती पाणीच पाणी होतं आणि नळ कोरडे होते. २०१९ लाही तेच. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की शहर टँकरवर येतं. गावाचं जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उपसायची विहीर, याहून वेगळं नसतं. पंप पाण्यात टिकू शकतो, पण स्टार्टर आणि पॅनेल टिकत नाही. पॅनेल २०२१ च्या खुणेच्या दोन फूट वर चढवणं हे गवंडी आणि वायरमनचं दोन-चार दिवसांचं काम आहे आणि पूर ओसरल्यावर आठवडाभराचा टँकर त्याने वाचतो. गावाचा निधी सिमेंटच्या कमानीवर घालायचा की यावर, हे ग्रामसभेत मोठ्याने विचारा.

डीपींची यादीही उंचीप्रमाणे करा आणि महावितरणच्या शाखेला द्या: कोणत्या आकड्याला कोणती डीपी बंद करायची. नदीकाठच्या शेतीपंपांचा धोका वेगळा. पाणी चढायला लागलं की शेतकरी मोटर आणि पेटी काढायला काठावर जातो, अंधारात, चिखलात, आणि लाइन चालू असते. त्यामुळे नियम असा लिहा की डीपी बंद झाल्याचा वायरमनचा निरोप आल्याशिवाय मोटरीला हात नाही, आणि आपल्या पट्टीवर अमुक फुटांच्या पुढे पाणी गेलं की मोटर गेली तर जाऊ दे.

मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत बसते. तेव्हा देवळाचा भोंगा, बॅटरीवरचा लाउडस्पीकर आणि दवंडी हीच व्यवस्था. एक माणूस आकडा वाचणार, एकच माणूस घोषणा करणार. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१९ चे व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतात, म्हणून ग्रुपवर आकडा टाकताना वेळ आणि आपल्या पट्टीचा फोटो हवाच.

वरून येणारा इशारा कसा वाचायचा

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत आहेत. मिलिमीटरही ओळखून ठेवा: २४ तासांत ११५.६ मिमीच्या वर अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. गावात ऊन असलं तरी राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीचे आकडे बघा, नदी तिथून येते. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया हे ॲप आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर पट्टीवाल्याच्या फोनमध्ये असू द्या.

धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा, येतो. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे दिवसभर चाललेले सुमारे ११,५७४ क्युसेक, एवढं लक्षात ठेवलं की बातमीचं वजन कळतं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एकेकातून १,४२८ क्युसेक सुटतात. ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. कुणी अधिकारी ठरवेल मग उघडतील असं नाही. म्हणून "दरवाजा उघडला" हीसुद्धा आपल्या वहीतली एक नोंद, आणि तिच्यानंतर आपल्या पट्टीवर किती तासांनी किती चढलं हे पुढे लिहायचं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद दोन राज्यांत आणि दिल्लीत चालू राहील. त्यात गावाने मत मांडावं, पण पट्टी वाचायचं थांबवू नये.

लाल रेषा, निळी रेषा

जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जात मिळून जवळपास चारात एक. निळ्या रेषेवरच्या घराला तर २५ वर्षांत पाणी लागण्याची शक्यता शंभरात ६० च्या वर जाते. अंगणवाडी, उपकेंद्र, पाण्याची टाकी, रेशनचं गोदाम यांची जागा ठरताना हा नकाशा ग्रामसभेच्या टेबलावर मागा. नदीच्या बाजूने भराव टाकून प्लॉट पडत असतील तर हरकत लेखी द्या, तोंडी हरकत कुठे नोंदली जात नाही.

एका पानात आराखडा

शेवटी हे सगळं एका पानावर बसलं पाहिजे. नमुना असा (आकडे समजण्यापुरते, तुमचे वेगळे येतील):

आपली पट्टी ९ फूट: बंधाऱ्याचा रस्ता बंद, मोटरी वर, बोट आणि जॅकेटं तपासा.
११ फूट: जनावरं, आजारी, गरोदर बायका माळावर. वैरणीची पहिली गाडी.
१३ फूट: उंबरा १८ च्या आतली सगळी घरं रिकामी. नदीकाठच्या डीपी बंद.
१५ फूट: उरलेली घरं. कुलूप लावलेल्या घरांची यादी पोलीस पाटलांकडे.
१७ फूट: शेवटचा रस्ता बंद. यानंतर आत कोणी नाही.

प्रत्येक ओळीपुढे दोन नावं, एक मुख्य आणि एक बदली. पदाचं नाव नको, माणसाचं हवं. जूनमध्ये एकदा रंगीत तालीम घ्या, तालमीला घ्यायची ती ११ फुटांची ओळ, खरी जनावरं घेऊन. ट्रॉलीत म्हैस चढवायला फळी लागते, हे तेव्हाच कळतं.

पाणी उतरल्यावर

परतायची घाई सगळ्यांनाच असते. मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि ओसरल्यावर, आधार गेल्यावर, बसतात. म्हणून मातीच्या घरात पहिले काही दिवस झोपायचं नाही. मेन स्विच वायरमनने बघितल्याशिवाय लावायचा नाही. भांड्यांच्या, सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी काठी फिरवा, साप तिथेच असतात. विहीर आणि टाकी उपसून धुतल्यावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. एरवीचं प्रमाण हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम, गढूळ पाण्याला जास्त लागतं. जलसुरक्षकाने ओटी चाचणी (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) घेऊन शेवटच्या नळाला पिवळा रंग दाखवला की मगच पिण्यासाठी सोडा. गाळात काम केलेल्यांना ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं.

धुण्याआधी फोटो. पंचनाम्याला येणारे येईपर्यंत घर तसंच ठेवणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून गाळाची रेघ, भिंतीचे तडे, मेलेल्या जनावराचा बिल्ला यांचे तारीख दिसणारे फोटो काढून ठेवा. आणि ती नवी रेघ धुण्याआधी तिच्यावर ऑइलपेंटचा पट्टा मारायचा, शेजारी साल.

पानाच्या प्रती काढताना एक ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फलकावर, एक शाळेत, एक डेअरीत, एक तालमीत लावा. तहसील आणि महावितरणच्या शाखेला द्याल त्या प्रतीवर पोच घ्या. १ मेच्या ग्रामसभेत दरवर्षी फक्त तीन गोष्टी तपासायच्या: नावं बदलली का, एखादा रस्ता किंवा मोरी नव्याने झाली का, आणि मागच्या हंगामाच्या वहीने कोणता आकडा खोटा ठरवला.